कुरडई अख्खी पोचली पाहिजे

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन गोष्टी साठत गेल्या. एक म्हणजे मोडलेल्या कुरडयांचे तुकडे, आणि दुसरी म्हणजे त्या कशा मोडल्या याच्या हकिगती. आई तुकड्यांची भाजी करते, त्यामुळे ते संपतात तरी. हकिगती संपत नाहीत. कुणी पाहुणा आला की शमीमचाची एक सुरू करते, आबा मध्येच दुसरी घुसवतात आणि तपशिलावरून दोघांचं जुंपतं. शेवटी कुणीतरी म्हणतं, "तेजूला इचारा, ती समदं बघत बसलेली असती." मला चारचौघांत बोलायला जमत नाही. म्हणून लिहूनच ठेवते.

आधी थोडी माहिती. आम्ही बारामती तालुक्यात सांगवीला राहतो. बाबा दुधाचा टँकर चालवतात, ते घरी कमीच असतात. आई सात वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होती. मी उठायच्या आत ती गाडीला गेलेली असायची. सात वर्षं माझी वेणी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी घातली, आणि ती कशी असायची ते माझ्या सगळ्या वर्गाला माहीत आहे.

यंदा आईनं ते काम सोडलं. शेजारच्या शमीमचाचीबरोबर कुरडया करायच्या आणि कुरिअरनं पुण्या-मुंबईला पाठवायच्या, असं दोघींनी ठरवलं. कंपनीतले सुपरवायझर आईला म्हणाले होते, "शाळा सुरू होईपर्यंत तुमची जागा भरत नाही. जमलं नाही तर या परत."

आईला परत जायचं नव्हतं. ती तसं बोलली नाही, पण तिनं गाडीचा पास चुलीत घातला.

*

कुरडई करणं अवघड नाही, असं आई म्हणते. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, त्यातला पांढरा चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून गोल गोल पाडायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. अवघड ते पुढंच. वाळलेल्या कुरडईला मोठ्यानं हाक मारली तरी तिचा तुकडा पडतो, आणि तिला पुण्याला जायचं असतं.

पहिली ऑर्डर पुण्याच्याच एका काकूंची होती. बॉक्स कुठला वापरायचा? चाचीच्या घरचं चपलांचं दुकान आहे, त्यामुळे बुटांचे रिकामे खोके भरपूर होते. त्यात वर्तमानपत्र घालून कुरडया ठेवल्या, टेप लावली. टेप लावण्यात आईचा हात धरणारं कुणी नाही. सात वर्षं तिनं तेवढंच केलं होतं.

चौथ्या दिवशी काकूंचा मेसेज आला. फोनवरचे मेसेज वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आहे. मी वाचलं, "रवा मिळाला. थोडा जाडा आहे, पण उपमा चांगला झाला. कुरडया कधी पाठवताय?"

आई खाली बसली. आबा म्हणाले, "गिऱ्हाईक खूश हाय न्हवं? मग रवा म्हणून इका."

त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी कुणाकडं तरी आमची कुरडई खाल्ली होती आणि त्यांना चव फार आवडली होती. त्या म्हणाल्या, "दर महिन्याला माल घेईन. पण मला तुकडे चालत नाहीत. शंभर कुरडयांचं सॅम्पल पाठवा. शंभरात पाच मोडल्या तर चालतील, सहावी चालणार नाही. तीनदा संधी देते."

महिन्याची ऑर्डर मिळाली तर आईला कंपनीत परत जावं लागणार नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात कुरडयांपेक्षा खोक्यांवरच जास्त बोलणं व्हायला लागलं.

*

आईचा दुसरा बॉक्स चांगलाच मोठा होता. मध्यभागी कुरडया आणि चारी बाजूंनी हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. आमच्या गावात कुरिअरचं पार्सल न्यायला रमेशदादा येतात. त्यांनी बॉक्स काट्यावर ठेवला, मग खिशातून टेप काढून लांबी-रुंदी-उंची मापली.

"वजन दीड किलो हाय वहिनी, पर पैसं सात किलोचं लागतील."

"का वो?"

"बॉक्स गाडीत जागा खातो. हलका आसला तरी मापाचं पैसं."

"म्हंजे मी हवेचं पैसं भरू?"

"व्हय."

आबा बाजेवर पडून ऐकत होते. ते उठून बसले. "आरं, पर हितली हवा पुण्याला कशापायी पाठवायची? त्यांच्याकडं न्हाय व्हय?"

रमेशदादांनी यावर खरंच विचार केला. "हितली चांगली असती, आबा. पर रेट त्योच."

*

मग बॉक्स लहान केला आणि तो टिकतो का हे बघण्यासाठी पाडून बघायचं ठरलं. आई स्लॅबवर चढली, चाची खाली अंगणात उभी राहिली. आईनं बॉक्स सोडला आणि चाचीनं तो झेलला.

"भाभी, झेलायचा न्हाय. पडू द्यायचा."

"आगं, हात आपोआप पुढं जातो. आत तीस कुरडया हायत्या."

तीन वेळा टाकला, तीन वेळा झेलला. मग आबांना खाली उभं केलं. आबा झेलणार नाहीत याची खात्री होती, पण ते बॉक्सच्या वाटेतून बाजूलाही झाले नाहीत. आबांच्या खांद्याला हळद लावावी लागली. कुरडया शाबूत राहिल्या, पण दर पार्सलमागं आबांना पाठवणं शक्य नव्हतं.

चाची म्हणाली, "आपण मायेनं टाकतोय. कुरिअरवाला टाकतो तसं टाकाय पायजे." म्हणून रमेशदादांनाच बोलावलं. चहा दिला आणि आई म्हणाली, "दादा, तुमी नेहमी फेकता तसा ह्यो बॉक्स गाडीत फेकून दावा."

रमेशदादांना फार वाईट वाटलं. "वहिनी, आमी फेकत न्हाय. बारा वर्सं झाली, एक पार्सल फेकलं न्हाय." त्यांनी बॉक्स दोन्ही हातांनी उचलला, झोपलेलं बाळ न्यावं तसा नेला आणि गाडीच्या दारात अलगद ठेवला. आई आणि चाची एकमेकींकडं बघायला लागल्या. यातून काहीच कळण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर बोलता बोलता पावती लिहायला त्यांना टेकायला जागा हवी होती. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आमचा बॉक्स पायानं पुढं ओढला आणि त्याच्यावर बसले. बसून सगळी पावती लिहिली. उठताना बॉक्सवर थाप मारली.

"बॉक्स मजबूत झालाय बरं का, वहिनी."

आत तीस कुरडयांचे किती तुकडे झाले होते ते मोजायला मला सांगितलं होतं. दोनशेच्या पुढं मी सोडून दिलं.

*

पुढची कल्पना चाचीची. तिचं म्हणणं, माणसं वस्तूला जपत नाहीत, जिवाला जपतात. म्हणून बॉक्सवर लिहायचं, "आत जिवंत पिल्ले आहेत." वरती आठ भोकं पाडायची, म्हणजे कुणाला शंका यायला नको.

आईला ते पटत नव्हतं. पण पत्ते लिहायचं काम माझ्याकडं असल्यामुळे मजकूर मीच लिहिला आणि खाली एक पिल्लू काढलं. पिल्लू जरा जास्तच चांगलं जमलं होतं.

त्या दिवशी रमेशदादांऐवजी दुसराच माणूस आला आणि बॉक्स घेऊन गेला. मध्ये सुट्टी आल्यामुळे बॉक्स बारामतीच्या गोदामात दोन दिवस पडून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामातून फोन आला. आवाज काळजीचा होता.

"मॅडम, तुमची पिल्लं कालपासून गप हायत. भोकांतनं कणी टाकली, वाटीभर पाणी सोडलं, तरी हूं का चूं न्हाय. आजारी हायती का?"

आईनं फोनवर हात ठेवून चाचीकडं बघितलं. चाचीनं आभाळाकडं बघितलं. खरं सांगावं तर खोटं लिहिल्याचं कबूल करावं लागणार होतं.

"न्हाय," आई म्हणाली, "ती लाजरी हायत."

"मग बरूबर," पलीकडचा माणूस म्हणाला, आणि त्यानं अजून एक वाटी पाणी सोडल्याचा आवाज आम्हाला फोनमधून ऐकू आला.

*

मग पुण्याहून माझी मामेबहीण सायलीताई आली. ती डिझाइन शिकली आहे. तिनं आमचे सगळे खोके ओट्यावर मांडले, लांबून बघितले, जवळून बघितले आणि म्हणाली, "आत्या, बॉक्स उघडताना माणसाला आनंद झाला पाहिजे."

"आत तुकडं आसल्यावर आनंद कसा हुईल?" आईनं विचारलं.

"ते नंतर बघू. आधी बॉक्स."

तिनं केलेला बॉक्स खरोखर सुंदर होता. गव्हाळ रंग, त्यावर लाल रेषांनी काढलेली, सोऱ्या दाबणारी बाई, आत मऊ कागद, बांधायला सुती दोरी. उघडताना झाकण फुलासारखं चार बाजूंना पडायचं. आबा तो बॉक्स अर्धा तास उघडत आणि मिटत बसले होते. असे पन्नास बॉक्स करून घेतले. बॉक्सची किंमत आतल्या कुरडयांपेक्षा जास्त झाली, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यातले दहा गेले. मेसेज यायला लागले. "बॉक्स अप्रतिम." "बॉक्समध्ये मी दागिने ठेवते." "मुलीनं बॉक्स शाळेत नेला." कुरडयांबद्दल अक्षर नाही. ठाण्याच्या एका बाईंनी तर लिहिलं, "दोन बॉक्स पाठवा. कुरडया नसल्या तरी चालेल."

आईनं दोन रिकामे बॉक्स पाठवले. त्या बाईंचं उत्तर दोन दिवसांत आलं, "सगळं व्यवस्थित पोचलं. काहीही मोडलेलं नाही."

तोपर्यंत आमच्याकडून सुखरूप पोचलेलं ते एकमेव पार्सल होतं.

*

आबा इतके दिवस गप्प होते असं नाही, पण त्यांना कुणी विचारत नव्हतं. तरुणपणी त्यांनी डाळिंबांच्या पेट्या भरलेल्या आहेत. "आमच्या काळात ह्यो फुग्याचा कागद व्हता का? तरी डाळिंब दिल्लीपातुर जायाचं."

"मग कशात भरायचा, आबा?"

"कागदाच्या कात्रणात, न्हायतर गवतात."

आमच्याकडं गवत कमी आणि ऊस जास्त. ऊस तुटून गेल्यावर वावरात वाळलेल्या पाल्याचा थर राहतो, त्याला पाचट म्हणतात. फुकट, हलकं आणि दाबलं तरी परत वर येणारं. आबांनी स्वतः पाचट वेचून आणलं आणि एकट्यानं बॉक्स भरला. कुणाला हात लावू दिला नाही. तो चिंचवडच्या एका काकांना गेला.

काकांनी मेसेज न करता फोनच केला. फोन स्पीकरवर होता.

"कुरडया मिळाल्या. पंचवीसच्या पंचवीस अख्ख्या आहेत."

आईनं चाचीचा हात धरला.

"पण आत एक सरडा होता."

आबा पुढं वाकले आणि फोनच्या अगदी जवळ जाऊन विचारलं, "त्यो कसा हाय?"

"कसा म्हणजे? पडद्यावर चढलाय. चांगला धडधाकट आहे."

आबा मागं टेकले. "बगा," ते आम्हाला म्हणाले, "सरडासुद्धा मोडला न्हाय."

आईनं पाचट बंद केलं. आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

*

शमीमचाचीचं माहेर इंदापूर. तिथं तिच्या धाकट्या भावाचं, हमीदमामांचं अंड्यांचं दुकान आहे. चाची म्हणाली, "गिऱ्हाईकाला पाठवून नाव खराब करण्यापरीस हमीदला पाठवू. त्यो खरं सांगंल."

तशी सहा पार्सलं इंदापूरला गेली. दर वेळी आम्ही काहीतरी बदलायचो. एकदा पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या, एकदा गोल डबा, एकदा कापूस. दर वेळी हमीदमामांचा फोन यायचा, "एकदम शाबूत, आपा. एकबी मोडली न्हाय."

सहावा बॉक्स सगळ्यांत स्वस्त होता आणि तोही शाबूत पोचला होता. म्हणून आईनं अगदी तस्साच बॉक्स भरून मॅडमना पहिलं सॅम्पल पाठवलं. मॅडमचा मेसेज मीच वाचला. शंभरातल्या त्रेसष्ट मोडल्या होत्या. पहिली संधी गेली.

आईला कळेना. इंदापूरला सहा वेळा शाबूत आणि पुण्याला हा प्रकार! ती, चाची आणि मी एसटीनं इंदापूरला गेलो. हमीदमामांना आम्ही येतोय हे माहीत नव्हतं. मामींनी घाईघाईनं जेवायला वाढलं. ताटात कुरडईची भाजी होती. वाटीत कुरडईची खीर होती. आणि समोरच्या फळीवर काचेच्या चार मोठ्या बरण्या होत्या, गळ्यापर्यंत तुकड्यांनी भरलेल्या. त्या आधी मला दिसल्या, मग चाचीला.

"हमीद," चाची घास तसाच हातात धरून म्हणाली, "ह्ये काय हाय?"

हमीदमामा मान खाली घालून म्हणाले, "आपा, तू येवढ्या मायेनं पाठवायचीस. मोडलं म्हणून कसं सांगायचं?"

"आरं, मोडतंय का तेच तर बघाय पाठवत व्हते!"

"ते कळत व्हतं. पर जीभ वळंना."

मामी आईजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पर आता पाठवू नका. कुरडई बघितली की पोरं घर सोडून पळत्यात."

*

त्या फेरीतून एक फायदा मात्र झाला. हमीदमामांच्या दुकानात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे एकावर एक रचलेले होते. आई त्यांच्याकडं बराच वेळ बघत होती. मग तिनं एक रिकामा ट्रे उचलला आणि एका खळग्यात आपली मूठ ठेवून बघितली.

बॉक्स बदलून होत नव्हतं, तेव्हा तिनं कुरडईच बदलली. ताटाएवढ्या कुरडया पाडणाऱ्या दोघी अंड्याएवढ्या कुरडया पाडायला लागल्या. पहिले दोन दिवस हात ऐकेना. सोऱ्या सुरू झाला की चाचीचा हात सवयीनं मोठा गोल फिरवायचा. आबा येऊन उन्हातल्या चटईकडं बघत राहिले. "ही कुरडई हाय का कुरडईचा फोटो?"

पण ती प्रत्येक खळग्यात नेमकी बसली. बॉक्स निम्म्यानं लहान झाला, त्यामुळे हवेचे पैसेही वाचले. हमीदमामांनीच दिलेल्या अंड्यांच्या खोक्यात ट्रे घातले आणि मॅडमना दुसरं सॅम्पल निघालं.

रमेशदादांनी खोक्यावरचं अंड्यांचं चित्र बघितलं. "वहिनी, अंडी आमी घेत न्हाय."

"दादा, अंडी न्हाईत, कुरडया हायत." आईनं उघडून दाखवलं.

रमेशदादांनी बघितलं, मान डोलावली आणि तरीही खोकं पुढच्या सीटवर ठेवून त्याला सीटबेल्ट लावला. स्वतःला लावला नाही. वाटेत ज्यांच्या ज्यांच्या हातात ते गेलं असेल, त्या प्रत्येकानं ते अंडी समजूनच उचललं असणार.

सहाव्या दिवशी रमेशदादा तेच खोकं घेऊन परत आले. मॅडमचं दुकान शुद्ध शाकाहारी. दारावरच्या माणसानं खोक्यावरचं चित्र बघितलं आणि ते उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. उघडून बघायलासुद्धा तयार झाला नाही.

आईनं अंगणात खोकं उघडलं. मी मोजल्या. पुण्याला जाऊन आणि पुण्याहून परत येऊन शंभरच्या शंभर कुरडया अख्ख्या होत्या. आई हसायला लागली आणि मग तिला थांबता येईना. चाचीनं तिला पाणी दिलं.

मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतं, पण माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. दोन झाल्या. आता एकच."

शाळा सुरू व्हायला अकरा दिवस राहिले होते. त्याच दिवशी सुपरवायझरांचाही फोन आला होता. आई त्यांना म्हणाली, "आठवड्यानं सांगते, साहेब." त्या संध्याकाळी तिनं कपाटातून कंपनीचा निळा कोट काढला, झटकला आणि दोरीवर टाकला.

*

शेवटचं सॅम्पल सफरचंदांच्या जांभळ्या ट्रेमधून गेलं. बारामतीच्या मंडईत फळवाले ते ट्रे टाकूनच देतात. आईनं त्यात चांगला कागद अंथरला. साध्या, कोऱ्या खोक्यात ते बसवले आणि खोक्यावर मी फक्त पत्ता लिहिला. पिल्लू नाही, अंडं नाही, काही नाही.

दोन दिवस गेले, तीन गेले. चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर लावला आणि बाजेच्या कडेला बसली.

"सुनंदाताई, शंभरच्या शंभर अख्ख्या मिळाल्या. मी स्वतः मोजल्या."

चाचीनं पदरानं डोळे पुसले. आबांनी उगाचच टोपी काढून परत घातली.

"पण एक अडचण आहे," मॅडम म्हणाल्या.

आईनं माझ्याकडं बघितलं, जणू मला काही माहीत असावं.

"मी त्या दोन दिवस काउंटरवर ठेवल्या होत्या. गिऱ्हाईकं बघतात आणि ठेवून देतात. म्हणतात, ह्या मशीनच्या आहेत. सगळ्या एका मापाच्या आणि सगळ्या अख्ख्या. हाताच्या असत्या तर एखादी तरी मोडली असती ना? मी किती सांगितलं, कुणी ऐकत नाही."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय, ऑर्डर पक्की. दर महिन्याला दोनशे पाकिटं. फक्त प्रत्येक पाकिटात दोन मोडलेल्या घाला. जास्त नकोत. आणि जरा नैसर्गिक दिसू देत."

फोन ठेवल्यावर आईनं डब्यातून एक कुरडई काढली आणि दोन्ही हातांत धरली. तिला ती मोडवेना. चाचीकडं दिली. चाचीनं डोळे मिटून घेतले आणि ती आबांकडं दिली. आबांनी ती कट्‌ करून मधोमध मोडली आणि दोन्ही अर्धे तळहातावर मांडून दाखवले. दोन्ही अगदी सारखे होते.

आईनं वाकून बघितलं. "आबा, असं न्हाय. चुकून मोडल्यागत दिसाय पायजे."

आबांनी दुसरी घेतली. ती जास्त मोडली. तिसरीचा नुसता टवका उडाला. चौथीला चाची म्हणाली, "ह्यी बरी हाय." आई म्हणाली, "जरा मुद्दाम केल्यावाणी वाटती." पाचवी आम्ही चौघांनी मिळून उन्हात धरून बघितली.

तेवढ्यात फोन वाजला. सुपरवायझर होते. आठवडा झाला होता आणि त्यांना उत्तर हवं होतं. आईनं फोन कानाला लावला, पण तिची नजर आबांच्या हातातल्या सहाव्या कुरडईवर होती.

"न्हाय साहेब, माजी जागा भरून टाका," ती म्हणाली. "मला हितं कुरडया मोडायचं काम लागलंय."